रूटचा पासवर्ड न देता एकाच सेवेची मुभा: लिनक्सवर साध्या वापरकर्त्याला सेवा हाताळू देण्याची रीत

शहापूर-वडगाव भागातील साड्यांच्या एका दुकानात बिलिंगच्या संगणकाच्या मॉनिटरखाली चिकटवलेली चिठ्ठी मी काढली, तेव्हा तिच्यावर रूटचा, म्हणजे लिनक्समधील सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड ठळक अक्षरांत लिहिलेला होता. कारण विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने सरळ सांगितले, "अण्णा, करंट येऊन गेला की बिल निघेना होतंय. ते पुन्हा चालू करायला पासवर्ड मागतंय." त्याला हिशेबाची एक सेवा (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू करण्यापुरतीच मुभा हवी होती, पण त्यासाठी त्याच्या हातात अख्खा संगणक दिला गेला होता. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील लहान आस्थापनांचे संगणक सांभाळताना हीच चूक मला वेगवेगळ्या रूपांत दिसत असल्यामुळे, ही व्यवस्था कोणत्या क्रमाने करावी आणि लोक नेमके कुठे चुकतात, हे येथे टप्प्याटप्प्याने लिहिले आहे.

हा लेख सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) वापरणाऱ्या लिनक्ससाठी, म्हणजे डेबियन, उबंटू, फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळातील प्रणालींसाठी आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकाव्यात. युनिट फाइलमधील ओळींच्या नावांत (आफ्टर, रीस्टार्ट, रीस्टार्टसेक, यूजर, एक्झेकस्टार्ट) प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे लागते, जोडशब्दातील दुसऱ्या शब्दाचेही. इतरत्र जेथे मोठी अक्षरे लागतात तेथे तसे सांगितले आहे, बाकी सर्व अक्षरे लहान समजावीत. उदाहरणातील सेवेचे नाव "हिशेब.सर्व्हिस", वापरकर्त्याचे "काउंटर" आणि गटाचे "दुकान" असे धरले आहे.

टप्पा १: मुभा खरोखर हवी आहे का, ते आधी ठरवावे

वीज परत आल्यावर सेवा बंद पडलेली सापडते, याचे कारण पुष्कळदा इतकेच असते की ती डेटाबेसच्या आधी सुरू होऊ पाहते आणि जोडणी न मिळाल्यामुळे थांबते. अशा वेळी माणसाला मुभा देण्यापेक्षा सेवेच्या युनिट फाइलमध्ये (सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) "आफ्टर" या ओळीत डेटाबेसच्या सेवेचे नाव लिहावे, "रीस्टार्ट" या ओळीत "ऑन-फेल्युअर" लिहावे आणि "रीस्टार्टसेक" या ओळीत दहा-पंधरा सेकंदांचे अंतर ठेवावे. त्या दुकानातील निम्मे प्रसंग एवढ्यानेच मिटले.

दुसरा प्रश्न असा की, ही सेवा रूटच्या नावाने चालण्याची गरज आहे का? तिला १०२४ च्या खालचा पोर्ट लागत नसेल आणि प्रणालीच्या फाइलींना हात लावावा लागत नसेल, तर ती त्या वापरकर्त्याचीच सेवा म्हणून चालवता येते. युनिट फाइल त्याच्या घरातील ".कॉन्फिग/सिस्टमडी/यूजर" या फोल्डरमध्ये ठेवावी, तो "सिस्टमसीटीएल --यूजर" अशी आज्ञा देईल, आणि त्याने लॉगिन केलेले नसतानाही सेवा चालू राहावी यासाठी रूटने एकदाच "लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर काउंटर" ही आज्ञा द्यावी. असे जमत असेल तर पुढचे काहीच करावे लागत नाही.

जमत नसेल, तर कोणत्या क्रिया द्यायच्या हे कागदावर लिहून काढावे. दुकानाला "रीस्टार्ट" आणि "स्टार्ट" या दोनच क्रिया पुरतात. "स्टॉप" सहसा लागत नाही. "इनेबल", "डिसेबल" आणि "एडिट" कोणालाही देऊ नयेत. विशेषतः "एडिट" दिले की सेवेने काय चालवावे हेच वापरकर्ता बदलू शकतो, म्हणजे रूट दिल्यासारखेच झाले.

टप्पा २: सेवा काय चालवते, ते तपासावे

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात आणि सर्वांत मोठी फट येथेच राहते. सेवा रूटच्या नावाने चालत असेल आणि ती जो प्रोग्राम चालवते त्या फाइलमध्ये काउंटरवरच्या माणसाला लिहिता येत असेल, तर तो फाइल बदलून सेवा पुन्हा सुरू करील आणि त्याने लिहिलेले सर्व रूट म्हणून चालेल. नियम कितीही काटेकोर लिहिला तरी त्याला हे अडवता येत नाही.

प्रथम पुढील आज्ञा द्यावी:

सिस्टमसीटीएल कॅट हिशेब.सर्व्हिस

जे दिसेल त्यात "यूजर=" आणि "एक्झेकस्टार्ट=" या ओळी पाहाव्यात. "यूजर=" ही ओळच नसेल तर सेवा रूट म्हणून चालते. त्यानंतर "एक्झेकस्टार्ट=" मध्ये आलेल्या मार्गावर ही आज्ञा द्यावी:

नेमआय -एल /ऑप्ट/हिशेब/चालू

ही आज्ञा मार्गातील प्रत्येक फोल्डरची मालकी आणि परवानगी ओळीओळीने दाखवते. येथे नुसती शेवटची फाइल पाहून थांबू नये. फाइल रूटच्या मालकीची असली, तरी ती ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे काउंटरला लिहिता येत असेल, तर तो मूळ फाइल बाजूला सारून त्याच नावाची दुसरी फाइल तेथे ठेवू शकतो. सेवा जी सेटिंगची फाइल किंवा स्क्रिप्ट वाचते, तिलाही हीच कसोटी लावावी.

माझ्या पाहण्यातील बहुतेक ठिकाणी प्रोग्राम बसवणाऱ्याने तो थेट काउंटरच्या घरच्या फोल्डरमध्येच ठेवलेला असतो. तो "/ऑप्ट" मध्ये हलवून मालकी रूटकडे द्यावी, "एक्झेकस्टार्ट=" मधील मार्ग त्याप्रमाणे बदलावा आणि शक्य असल्यास सेवेसाठी वेगळा वापरकर्ता करून त्याचे नाव "यूजर=" मध्ये लिहावे. युनिट फाइल हाताने बदलल्यानंतर "सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड" ही आज्ञा रूट म्हणून द्यावीच लागते.

तपासणी: मार्गातील एकाही फोल्डरमध्ये किंवा फाइलमध्ये काउंटरला लिहिण्याची परवानगी नाही, याची खात्री पटल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा ३: परतीची वाट उघडी ठेवावी

मुभा आपण सुडोने देणार आहोत. सुडो हा साध्या वापरकर्त्याला ठरावीक आज्ञा रूट म्हणून चालवू देणारा प्रोग्राम आहे. त्याच्या नियमांत चूक झाली तर सुडोच चालेनासे होऊ शकते, आणि मग ती चूक सुधारण्यासाठी लागणारा अधिकारही हातात राहत नाही. म्हणून दुसरे टर्मिनल उघडून त्यात "सुडो -आय" या आज्ञेने रूट व्हावे आणि सर्व चाचण्या होईपर्यंत ते टर्मिनल बंद करू नये. हे काम दुरून, एसएसएचवरून करणे टाळावे. पावसाळ्यात खानापूरकडची लाइन मध्येच तुटते आणि दोन्ही टर्मिनल एकदमच जातात. संगणकासमोर बसूनच हे करावे.

टप्पा ४: गट करावा आणि माणूस त्यात घालावा

नियम माणसाच्या नावाने लिहिता येतो, पण दुकानातील माणसे बदलतात, म्हणून तो गटाच्या नावाने लिहावा.

सुडो ग्रुपॲड दुकान
सुडो यूजरमॉड -एजी दुकान काउंटर

दुसऱ्या आज्ञेत "ए" लहान आणि "जी" मोठा आहे. लहान "ए" विसरल्यास तो वापरकर्ता आपल्या मूळ गटाखेरीज आधीच्या इतर सर्व गटांतून निघून नव्या गटात तेवढा राहतो. ही आज्ञा कोणी स्वतःच्याच नावाने आणि "ए" न लिहिता दिली, तर तो सुडोच्या गटातूनही बाहेर पडतो. टप्पा ३ मधील उघडे टर्मिनल अशा वेळी उपयोगी पडते.

इशारा: नवा गट चालू सत्रात लागू होत नाही. काउंटरने पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे आणि "आयडी" ही आज्ञा देऊन यादीत "दुकान" दिसते का ते पाहावे. "नियम बरोबर आहे, तरी चालत नाही" अशा तक्रारींतील मोठा वाटा या एका लॉगआउटचा असतो.

टप्पा ५: नियम लिहावा

"/ईटीसी/सुडोअर्स" ही मुख्य फाइल उघडू नये आणि साध्या संपादकाने तर मुळीच उघडू नये. नियम वेगळ्या फाइलमध्ये, व्हिसुडोमधूनच (सुडोचे नियम तपासून जतन करणाऱ्या प्रोग्राममधूनच) लिहावा:

सुडो व्हिसुडो -एफ /ईटीसी/सुडोअर्स.डी/हिशेब-दुकान

फाइलच्या नावात टिंब नसावे. नावात टिंब असलेल्या किंवा शेवटी "~" हे चिन्ह असलेल्या फाइली सुडो गुपचूप वगळते, म्हणून "हिशेब.कॉन्फ" असे नाव दिले तर नियम निर्दोष असूनही तो कधीच वाचला जात नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

लिहिण्यापूर्वी "कमांड -व्ही सिस्टमसीटीएल" या आज्ञेने प्रोग्रामचा पूर्ण मार्ग पाहून घ्यावा, कारण नियमात पूर्ण मार्गच लागतो. त्यानंतर फाइलमध्ये पुढील दोन ओळी लिहाव्यात:

%दुकान ऑल=(रूट) नोपासडब्ल्यूडी: /यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल रीस्टार्ट हिशेब.सर्व्हिस
%दुकान ऑल=(रूट) नोपासडब्ल्यूडी: /यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल स्टार्ट हिशेब.सर्व्हिस

"ऑल" आणि "नोपासडब्ल्यूडी" हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि दुसऱ्या शब्दात मध्ये जागा सोडू नये. "%" या चिन्हामुळे पुढचे नाव गटाचे आहे, हे सुडोला कळते. ते राहिले तर "दुकान" नावाचा वापरकर्ता शोधला जातो. "ऑल" म्हणजे हा नियम कोणत्याही यंत्रावर लागू, आणि कंसातील नाव म्हणजे आज्ञा कोणाच्या नावाने चालेल ते.

या दोन ओळींत होणाऱ्या चुका सावकाश पाहण्यासारख्या आहेत. पहिली आणि सर्वांत घातक चूक म्हणजे सिस्टमसीटीएलच्या मार्गानंतर काहीच न लिहिणे. आज्ञेपुढे काही लिहिले नाही, तर सुडो त्याचा अर्थ "पुढे काहीही चालेल" असा घेते, आणि मग काउंटरला कोणतीही सेवा बंद करण्याची, बदलण्याची, नवी जोडण्याची मुभा मिळते. दुसरी चूक चांदणीची आहे. "रीस्टार्ट हिशेब*" असे लिहून सर्व प्रकार सामावून घ्यावेत, असे वाटते. परंतु आज्ञेच्या पुढील भागात चांदणी रिकाम्या जागेलाही जुळते, त्यामुळे "हिशेब" या शब्दानंतर जागा सोडून दुसऱ्या कोणत्याही सेवेचे नाव जोडता येते. सुडोच्या नियमात चांदणी दिसली की मी ती खोडतो, तिचे समर्थन ऐकत बसत नाही.

तिसरी चूक नावाची. सिस्टमसीटीएलला "हिशेब" आणि "हिशेब.सर्व्हिस" ही नावे सारखीच आहेत, पण सुडोला अर्थ कळत नाही, ते अक्षरे जुळवते. नियमात ".सर्व्हिस" लिहिले आणि वापरणाऱ्याने ते गाळले, तर पासवर्ड विचारला जाणारच. टंकण्याची पद्धत एकच ठरवावी. टप्पा ७ मध्ये यावर सोपा तोडगा आहे.

चौथी चूक आपल्याच भागातली आहे. येथील दुकानांतील संगणकांवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी असे तीन कळफलक आलटून पालटून चालतात. एकदा व्हिसुडो एका ओळीवर सतत चूक दाखवत होते आणि ओळ तर डोळ्यांना निर्दोष दिसत होती. शेवटी लक्षात आले की, कळफलक मराठीवर असताना कोणीतरी कोलनच्या जागी विसर्ग टंकला होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दोन ठिपके दिसतात. अंकांचेही असेच होते. नियम लिहिताना कळफलक इंग्रजीवर आहे, हे पाहून घ्यावे आणि व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर जसाच्या तसा डकवू नये.

टप्पा ६: जतन करावे आणि व्याकरण तपासावे

व्हिसुडो आधी तात्पुरती प्रत उघडते, म्हणून नॅनो या संपादकात जतन करताना नावाच्या शेवटी ".टीएमपी" दिसते. ते पाहून घाबरून नाव बदलू नये, फक्त एंटर दाबावे. तपासणी झाल्यावर व्हिसुडो स्वतः ते योग्य नावाने ठेवते.

ओळीत चूक असेल तर "आता काय करू?" अशा अर्थाचा प्रश्न इंग्रजीत येतो. लहान "ई" दाबल्यास पुन्हा संपादन करता येते आणि "एक्स" दाबल्यास बदल न ठेवता बाहेर पडता येते. मोठा "क्यू" दाबल्यास चुकीसह जतन होते. ते दाबू नये.

तपासणी: "सुडो व्हिसुडो -सी" ही आज्ञा द्यावी. प्रत्येक फाइलपुढे ती बरोबर असल्याचा निर्वाळा यावा आणि यादीत आपल्या फाइलचे नाव असावे. नाव नसेल तर त्यात टिंब आहे का, ते पाहावे. फाइल रूटच्या मालकीची आणि तिची परवानगी ०४४० असावी.

टप्पा ७: वापरणाऱ्याच्या हातात एकच बटण द्यावे

काउंटरवरच्या माणसाने लांब आज्ञा टंकावी, अशी अपेक्षा ठेवू नये. "/यूएसआर/लोकल/बिन/हिशेब-चालू" या नावाची छोटी स्क्रिप्ट करावी. तिच्या पहिल्या ओळीत "#!/बिन/एसएच" आणि दुसऱ्या ओळीत "सुडो -एन /यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल रीस्टार्ट हिशेब.सर्व्हिस" एवढेच असावे. फाइलची मालकी रूटची ठेवून परवानगी ७५५ करावी आणि डेस्कटॉपवर तिचे चिन्ह द्यावे. "-एन" मुळे सुडो कधीच पासवर्ड विचारत बसत नाही. मुभा नसेल तर सरळ नकार देते. स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) चालवायची असेल तर हे आवश्यकच आहे, कारण तेथे पासवर्ड टंकायला कोणी नसते.

इशारा: नियमात या स्क्रिप्टचे नाव लिहू नये. नियम सिस्टमसीटीएलवरच ठेवावा. उद्या कोणी स्क्रिप्टची परवानगी ढिली केली, तरी त्यामुळे रूटचे दार उघडत नाही.

टप्पा ८: चाचणी, होकाराची आणि नकाराची

आपण नुकताच सुडोचा पासवर्ड दिलेला असेल, तर सुडो तो काही मिनिटे लक्षात ठेवते. उबंटूवर ही मुदत १५ मिनिटांची असते. त्या अवधीत केलेली चाचणी यशस्वी दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून फोन येतो. म्हणून काउंटर म्हणून नव्याने लॉगिन करून प्रथम "सुडो -के" ही आज्ञा द्यावी, म्हणजे लक्षात ठेवलेला पासवर्ड पुसला जातो. त्यानंतर:

सुडो -एल
सुडो -एन /यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल रीस्टार्ट हिशेब.सर्व्हिस

पहिल्या आज्ञेने फक्त दोन क्रिया दिसाव्यात आणि दुसरी काहीही न विचारता पूर्ण व्हावी.

येथे थांबू नये. जे चालू नये ते चालत नाही, हेही पाहावे. काउंटर म्हणूनच "सुडो -एन" वापरून क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करून पाहावी, नंतर "रीस्टार्ट हिशेब.सर्व्हिस" च्या पुढे क्रॉनचेही नाव जोडून पाहावे. दोन्ही वेळा पासवर्ड लागेल असे सांगून नकार यायला हवा. या चाचणीसाठी एसएसएच किंवा नेटवर्कची सेवा निवडू नये, कारण नियम ढिला निघाला तर ती खरोखरच हलते. क्रॉन एकदा पुन्हा सुरू झाल्याने काही बिघडत नाही.

दोन्ही चाचण्या उत्तीर्ण झाल्यावरच टप्पा ३ मधील टर्मिनल बंद करावे.

टप्पा ९: तरीही पासवर्ड विचारला जातो तेव्हा

वापरणारा सुडो न लिहिता नुसतेच "सिस्टमसीटीएल रीस्टार्ट हिशेब.सर्व्हिस" लिहीत असेल, तर येणारा प्रश्न सुडोचा नसून पॉलकिटचा (परवानग्या ठरवणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेचा) असतो आणि सुडोच्या फाइलीत काहीही लिहिले तरी तो जाणार नाही. बहुतेक ठिकाणी वर दिलेली स्क्रिप्ट वापरायला लावणे हाच सरळ उपाय आहे.

पॉलकिटनेच मुभा द्यायची असेल, तर "/ईटीसी/पॉलकिट-१/रूल्स.डी" या फोल्डरमध्ये ".रूल्स" ने संपणारी फाइल ठेवून तिच्यात जावास्क्रिप्टचा नियम लिहावा लागतो. क्रिया सिस्टमडीची "मॅनेज-युनिट्स" आहे का, "युनिट" या नावाने येणारी सेवा आपलीच आहे का, "व्हर्ब" या नावाने येणारी क्रिया "रीस्टार्ट" किंवा "स्टार्ट" आहे का आणि वापरकर्ता आपल्या गटात आहे का, या चारही अटी एकत्र तपासूनच होकार द्यावा. सेवेच्या नावाची अट गाळली तर त्या गटाला संगणकावरील सर्व सेवा मोकळ्या होतात. डेबियन ११ आणि उबंटू २२.०४ यांवरील जुने पॉलकिट असे नियम वाचतच नाही, त्याच्या जुन्या ".पीकेएलए" पद्धतीत एका सेवेपुरती अट घालता येत नाही, म्हणून त्या आवृत्त्यांवर सुडोच वापरावे. डेबियन १२ आणि उबंटू २४.०४ पासून जावास्क्रिप्टचे नियम चालतात.

सुडो लिहूनही पासवर्ड विचारला जात असेल, तर नियमांचा क्रम पाहावा. एकाच आज्ञेला अनेक नियम जुळत असतील तर सर्वांत शेवटी वाचलेला नियम लागू होतो. वापरकर्ता सुडोच्या मोठ्या गटातही असेल आणि त्या गटाची ओळ आपल्या ओळीनंतर येत असेल, तर आपली ओळ निष्फळ ठरते. "सुडोअर्स.डी" मधील फाइली अंकांच्या मोलाने नव्हे, तर अक्षरांच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणजे "१०" ने सुरू होणारी फाइल "९" च्या आधी येते.

एक तक्रार परवानगीची वाटते, पण तशी नसते. बिल अडलेले असताना आणि समोर गिऱ्हाईक उभे असताना माणूस चिन्हावर भराभर क्लिक करतो. सिस्टमडी मुळात दहा सेकंदांत पाच वेळांपेक्षा अधिक सुरुवात होऊ देत नाही; त्यानंतर ते नकार देते. "एकदा दाबून दहापर्यंत मोजायचे" असे मी चिन्हाच्या नावातच लिहून ठेवतो.

टप्पा १०: स्थिती पाहण्यासाठी सुडो देऊ नये

"स्टेटस" तर निरुपद्रवी आहे, म्हणून तेही नियमात घालावे, अशी सूचना हमखास येते. ते घालू नये. सेवेची स्थिती कोणत्याही वापरकर्त्याला सुडोशिवायच पाहता येते. उलट रूट म्हणून ती पाहिली, तर निकाल लांब असल्यास तो "लेस" या वाचकात उघडतो, आणि सिस्टमडीच्या २४७ पूर्वीच्या आवृत्त्यांत त्या वाचकातून उद्गारचिन्ह टंकून थेट रूटचे शेल उघडता येत असे. नोंदी वाचायच्या असतील तर वापरकर्त्याला "सिस्टमडी-जर्नल" या गटात घालावे. मात्र त्यामुळे त्याला सर्वच सेवांच्या नोंदी दिसू लागतात, हे मालकाला आधी सांगावे.

सुडोने चाललेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद राहते, डेबियन आणि उबंटूवर ती "/व्हार/लॉग/ऑथ.लॉग" मध्ये (डेबियन १२ पासून आरसिसलॉग वेगळे बसवलेले असेल तरच), तर रेड हॅटच्या कुळात "/व्हार/लॉग/सिक्युअर" मध्ये सापडते, आणि "जर्नलसीटीएल -टी सुडो" ही आज्ञा दोन्हीकडे चालते. तिघे जण एकच "काउंटर" खाते वापरत असतील, तर नोंदीत तिघांचे नाव एकच येते. प्रत्येकाचे खाते वेगळे करून सर्वांना "दुकान" गटात घालणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

टप्पा ११: माणूस गेल्यावर मुभा काढावी

सुडो जीपासडब्ल्यूडी -डी काउंटर दुकान

या आज्ञेने वापरकर्ता गटातून निघतो, पण नवा गट जसा चालू सत्रात येत नाही, तसा जुना गट चालू सत्रातून जातही नाही. दुकानातील संगणक आठवडाभर लॉगिन केलेलाच असतो, म्हणून "सुडो लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर काउंटर" ही आज्ञा देऊन सत्र संपवावे. त्याच्या उघड्या फाइली त्यासोबत बंद होतात, तेव्हा आधी बिलाचे काम जतन करून घ्यावे. शेवटी स्वतःच्या खात्यावरून "सुडो -एल" ला मोठ्या "यू" ची जोड देऊन त्याचे नाव विचारावे:

सुडो -एल -यू काउंटर

या वापरकर्त्याला येथे सुडो चालवण्याची मुभा नाही, असे उत्तर आले म्हणजे काम झाले.